दिगूमामांची पाटी

ट्रंक जिथं असायची तिथं फरशीवर नुसता चौकोन. कडेनं धूळ, मधे स्वच्छ. मी पदराखाली बटणं सोडतच आले होते, छबूची पाजायची वेळ झाली म्हणून, आणि तिथं ट्रंकच नाय. छबू म्हणजे माझी मुलगी, तेव्हा पाच महिन्यांची. तिला मी त्या ट्रंकेत निजवलं होतं, लुगड्यांच्या घडीवर, झाकण उघडं ठेवून. आणि झाकण बंद करून कडी पण मीच घातली होती. दुसऱ्या कुणी नाय. या हातांनी. पाव तासापूर्वी. कळलंच नाय मला. कडी घातली, "न्या हो" म्हणून ओरडले, टेम्पोवाल्या हुसेनभाईंनी ट्रंक गाडीत चढवली आणि टेम्पो ओझरला निघाला.

मला ओरडता येईना. पडद्यापलीकडं माणसं हसत होती, फार्स चालला होता. मी विंगेतून तशीच खाली उतरले, बाकड्यांच्या मधून धडपडत मागं गेले. मागच्या खांबाला टेकून दिगूमामा उभे होते, डोळे मिटून. थेटरचे मालक. 

"मामा, छबू ट्रंकेत हाय."

डोळे उघडले. "कुठल्या ट्रंकेत?"

"चुन्याच्या."

चुन्याची खूण म्हणजे जाणारी ट्रंक. कुंकवाची खूण म्हणजे राहणारी. मामांचा चेहरा मी तीन वर्षं रोज बघितला होता, त्यावर तसलं काय कधी आलं नव्हतं. 

पण थांबा. मामा कोण ते आधी सांगायला पाहिजे, नायतर पुढचं तुम्हाला वेगळंच वाटंल. मी सातवी नापास, ओळीनं लावून सांगता येत नाय, सुचंल तसं सांगते.

मामांची तेव्हा दोन थेटरं होती. एक नाशकात पंचवटीच्या अंगाला, गुळाच्या जुन्या गोदामात. एक ओझरला, कारखान्याच्या लोकांसाठी, पत्र्याच्या शेडात. दोन्हींचं नाव झुंबर. झुंबर म्हणजे काय, तर मामांनी सोड्याच्या रिकाम्या बाटल्या तारेनं बांधून आत दिवा सोडला होता. नाटक नाय, तमाशा नाय, सिनेमा नाय. नाच, नकला, गाणी, जादू, दहा मिनिटांचा फार्स, असे बारा-चौदा आयटम एकामागून एक, मधे श्वास घ्यायला जागा नाय. त्याच्याआधी नांदगावला स्टेशनाजवळ गोठ्यात त्यांनी थेटर केलं होतं, त्याच्याआधी निफाडला उसाच्या दिवसात कनात लावून. "माझं प्रत्येक थेटर आधी दुसऱ्याच कशाचं तरी होतं," म्हणायचे. "नांदगावला पहिल्या आठवड्यात म्हशी परत यायच्या. तिकीट न काढता. आणि पुढंच बसायच्या."

अंगात काळा कोट, उन्हाळा असो काय असो. कोटाच्या एका खिशात खडू, दुसऱ्यात हातोडी. हातोडी कशाला, तर रोज सकाळी मामा प्रत्येक बाकड्यावरून हात फिरवत जायचे, खिळा वर आला असंल तर ठोकायचे. एखाद्या बाईचं लुगडं अडकून फाटलं तर ती परत यायची नाय, आणि ती नाय आली की घरातलं कुणीच येत नाय, हे त्यांचं गणित. तळहात त्यांचा ओरखड्यांनी भरलेला. खेळ चालू असताना मामा अनवाणी. चपला कोटाच्या आत, छातीशी धरलेल्या. आवाज होतो म्हणून.

आणि पाटी. शाळेची असते तसली दगडी पाटी, लाकडी चौकटीची. आयटमचा क्रम त्या पाटीवर खडूनं लिहिलेला असायचा, विंगेत खिळ्याला टांगलेली. पाटीवर असंल ते होणार, पाटीवर नसंल ते होणार नाय, मग तुम्ही केवढे का मोठे असा. आणि मामा ती चालू खेळात पुसायचे. मागच्या खांबाला उभं राहून ते स्टेजकडं बघतच नव्हते, माणसांकडं कान लावायचे. एक खोकला आला तर सोडून द्यायचे. दुसरा आला की निघायचे. तिसरा येईपर्यंत विंगेत, पाटी पुसलेली, पुढचा आयटम उभा.

एकदा पुण्याकडचे एक गायक आले होते. शाल, अत्तर, सगळं. दुसऱ्या कडव्यात तीन खोकले झाले आणि मामांनी पडदा ओढला. बुवा तोंड उघडं टाकून पडद्यात. मग आत येऊन नुसता दंगा.

"मालक, माझा एक सूर चुकला असेल तर दाखवा!"

"नाय बुवा, सूर कसला चुकतो. माझ्या लोकांचा घसा चुकला. ते दिवसभर मशीनवर उभे राहून आलेत. त्यांना वाट बघायला लावायची नाय."

"अहो, मी आकाशवाणीवर गातो!"

"तिथं खोकला ऐकू येत नाय ना," मामा म्हणाले, आणि त्यांना स्वतःच्या हातानं चहा दिला, नारळ दिला, टांग्यात बसवून दिलं.

मी कामाला आले तेव्हा नवीनच लग्न झालं होतं. आमचे हे ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. सासू निफाडजवळच्या गावात, शेतीवर. नाशकात एका खोलीत मी एकटी. मला शिवणाचं काम येतं म्हणून कुणीतरी मामांकडं पाठवलं. मामांनी विचारलं नाय किती शिकलीस, कुणाची कोण. एका नाचणाऱ्या मुलीला समोर उभं केलं, हातात नऊवारी दिलं, आणि स्वतः एक गाणं गुणगुणायला लागले.

"एक कडवं संपेपर्यंत नेसव."

मी नेसवलं. कडवं संपलं, कासोटा राहिला होता.

"उद्या ये," म्हणाले. "परवापर्यंत कासोट्यासकट झालं पाहिजे."

तसं मला कपडेपट मिळाला. ट्रंका, इस्त्री, टाके, सगळं माझ्याकडं. आणि मामांनी हाताला वळण लावलं. कान गाण्याकडं, हात कपड्याकडं, डोळा पाटीकडं. विचार करत बसलं की उशीर होतो, हाताला करू द्यायचं. हे पुढं सांगायचंय म्हणून इथं सांगते.

उशीर का चालायचा नाय, तर मामांची एकच मंडळी दोन थेटरांत खेळ करायची. नाशकात सहाला, ओझरला साडेसहाला. इथं आधी नाचलेल्या मुली मध्यंतराच्या आधी टॅक्सीनं ओझरला, तिथले नकलावाले, जादूवाले इकडं. मागून टेम्पोत कपड्यांची ट्रंक. कपडे एकच, थेटरं दोन. ट्रंक पोचली नाय तर ओझरला मुली घरच्या साड्यांत बसून राहणार आणि तीनशे माणसं शिट्ट्या मारणार. म्हणून हुसेनभाईंना मामांची सक्त ताकीद. ट्रंक गाडीत असताना कुठंही थांबायचं नाय. चहाला नाय, बिडीला नाय, कुणी हात केला तरी नाय. आणि ओझरला ट्रंक उतरली की तिथल्या गंगूबाईनं आधी कडी काढायची, मग बोलायचं.

लोक त्यांना चक्रम म्हणायचे. असतीलही. पण एक संध्याकाळ सांगते. वीज गेली. खेळ अर्धा राहिला होता, लोक उठायला लागले. मामा बाहेर गेले, सायकल स्टँडवर, आणि ओरडले, "डायनामो असलेल्या सायकली आत आणा, मालकासकट!" दहा-बारा सायकली आत आल्या. स्टेजच्या दोन्ही बाजूला उलट्या उभ्या केल्या, चाकं वर, आणि ज्याची सायकल त्यानं हातानं पायडल फिरवायचं. फिरवलं की दिवा लागायचा, दमला की मंद व्हायचा. मुली त्या उजेडात नाचल्या. एक जण नाच बघायच्या नादात फिरवायचं विसरला तर मागून बायका ओरडल्या, "अहो, तुमच्या बाजूची दिसंना!" मामा खांबाला उभे होते आणि त्या दिवशी डोळे उघडे होते. मला म्हणाले, "सुमे, आता हे लोक जन्मभर सांगतील, झुंबर आम्ही लावला म्हणून."

मग छबू झाली. सव्वा महिना झाला आणि सासू न्यायला आली. आमच्या सासूबाई काय वाईट नायत, पण थेटर म्हणलं की त्यांच्या अंगाला काटा यायचा.

"पोरीला दे माझ्याजवळ. तू कर तुझं थेटर. तिथं माणसं काय, दारू काय, बिड्या काय, पोर कसं वाढंल तिथं?"

"आत्या, मी बघते ना. दूध पिती अजून."

"बघशील गं. ज्या दिवशी पोरीला कायबी झालं, येक वरखडा जरी दिसला, त्या दिवशी मी घिऊन जाणार. मंग तुझ्या नवऱ्याला इचारायचं बी नाय मला."

आणि हे पण म्हणाले, आई म्हणती ते बरोबर हाय. त्या दिवसापासनं मला भीतीच बसली. छबूला डास चावला तरी मी हळद लावून झाकायची. 

मामांना मी भीत भीत विचारलं, बाळाला आणू का. म्हणाले, "आण की. खेळात मूल रडलं की लोकांना घरच्यासारखं वाटतं." आणि ट्रंकेत निजवायचं पण काय माझं डोकं नव्हतं. विंगेत जमिनीवर वायरी, उंदीर, अंधारात धावणारे पाय. थेटरवाल्या बायांची सगळी पोरं ट्रंकेतच वाढलेली, गंगूबाईची दोन्ही तशीच. मामांचा नियम एवढाच, मूल राहणाऱ्या ट्रंकेत, कुंकवाच्या. जाणाऱ्या ट्रंकेत कधी नाय. मी तो नियम एकदा पण मोडला नव्हता.

त्या संध्याकाळी पण छबू कुंकवाच्याच ट्रंकेत होती. त्या ट्रंकेत कोळी नाचाचे कपडे, आणि कोळी नाच मध्यंतरानंतर इथंच होता. गाणारी बाई उभी राहिली, तिचं दुसरं कडवं, आणि मला आत ऐकू आलं. खोकला. मग दुसरा. मामा आलेच. पाटी पुसली. कोळी नाच वर, आत्ता लगेच, आणि पुढं बाण, बाण म्हणजे ओझरला पण तोच जाणार. मी छबूला न उठवता बाजूनं कपडे काढले, मुलींना नेसवले, त्या नाचायला गेल्या. तेवढ्यात पाटी बघून ट्रंकेवरचं कुंकू पुसलं आणि चुन्याचं बोट ओढलं. ओढताना मला काय वाटलं नाय. जाणारी ट्रंक, चुना. एवढंच. मुली आल्या, उतरवलं, घड्या, आत टाकलं पायाकडच्या बाजूला, विंगेतल्या निळ्या दिव्यात दिसतं तरी काय, कान स्टेजकडं, झाकण, कडी, "न्या हो". हातानं केलं सगळं. हाताला सवय होती.

तर मामांना मी सांगितलं, चुन्याच्या. मामांनी मला मनगटाला धरलं आणि बाकड्यांच्या मधून सरळ स्टेजकडं निघाले.

वर फार्स चालला होता, दारुड्या भाडेकरूचा. मामा वर चढले आणि लोक हसले. कारण मामा पूर्वी स्वतः फार्सात मधेच घुसायचे, मालक भाडं मागायला आला म्हणून, आणि ते लोकांना फार आवडायचं. 

"मायबाप, खेळ थांबवतोय. एक लहान पोर ट्रंकेत गेलंय. ओझरच्या वाटेला हाय."

हशा. नुसता हशा.

"मायबाप, खरं सांगतोय."

अजून मोठा हशा. एक जण ओरडला, "मालक, भाडं दिलं नाय म्हणून पोर जप्त केलं का?" आणि टाळ्या. मामांनी हात जोडले. हात जोडलेले बघून तर बाया पदर तोंडात घालून हसायला लागल्या. मी खाली उभी राहून बघत होते, इतके लोक, आणि एकालाही खरं वाटंना, आणि टेम्पो चाललाच होता. तीस वर्षं माणसाला हसवलं म्हणून कुणी खरं धरंना. मामांचे ओठ थरथरत होते आणि लोक त्यालाही हसत होते.

मग मामांनी मला वर ओढलं. उजेडात. मला बोलता आलं नाय. पण पाजायची वेळ टळून गेली होती, माझं ब्लाऊज पुढून पार भिजलं होतं, मला त्याचं भानच नव्हतं. पुढच्या बाकड्यावरच्या एका म्हातारीनं ते बघितलं. ती हसायची थांबली. तिनं शेजारणीचा हात धरला. मग ती ओळ थांबली, मग मागची. बायांनी आधी ओळखलं, मग पुरुष गप झाले. 

एक जण उठला, द्राक्षवाला बागायतदार होता, फेट्यातला. "जीप हाय माझी. चला."

मामा जाताना तोंडानं "पडदा" म्हणाले. खेळ अर्धा सोडून झुंबरचा पडदा पडलेला मी कधी बघितला नव्हता. त्या दिवशी पडला.

जीपमधे मी मागं, मामा पुढं, अर्धे बाहेर लोंबकळलेले, पाय अनवाणीच. आग्रा रोडला ट्रकच ट्रक. प्रत्येक टेम्पो मला आमचाच वाटायचा. बागायतदार म्हणाले, "तुमचा डायव्हर चहाला थांबला असंल कुठं, गाठू आपण."

"नाय थांबायचा," मामा म्हणाले. "मीच सांगितलंय थांबू नको."

आडगाव मागं पडलं. मी मनात मोजत होते, पत्र्याची ट्रंक, भोक कुठं हाय तिला, एका कोपऱ्यात गंज चढून थोडं फाटलंय, तेवढ्यातनं येत असंल का वारा. मामा मागं न बघता म्हणाले, 

"कडी कुणी घातली?"

"मी. मीच घातली मामा. आत्या नेणार आता तिला. जगली तरी नेणार."

"परत म्हणू नको."

"पण मीच—"

"सुमे, पाटी कुणाची? माझी. क्रम कुणी फिरवला? मी. मग कडी पण माझीच. परत तोंडातनं काढू नको, हुसेनसमोर नाय, नवऱ्यासमोर नाय, देवासमोर नाय."

दहावा मैल गेला. टेम्पो कुठंच नव्हता.

ओझरच्या शेडापाशी जीप थांबली तेव्हा आतून आवाज नव्हता. नाच नाय, ढोलकी नाय, काय नाय. मी तिथंच बसून राहिले, मला वाटलं आवाज नाय म्हणजे संपलं. मामा पळत आत गेले. मग मी ऐकलं. बारीक, चिडलेलं, तुटक रडणं. मी कशी आत गेले सांगता येत नाय. 

गंगूबाई जमिनीवर बसली होती, छबू तिच्या मांडीवर पालथी, आणि ती तिच्या तळपायांना टिचक्या मारत होती. ट्रंक उतरल्या उतरल्या तिनं कडी काढली होती, मामांच्या नियमानं, हुसेनभाईंशी बोलायच्या आधी. गाडीच्या हादऱ्यांनी अंगावर आलेले कपडे ओढले तर खाली ही. निळी पडली होती, ओठ पांढरे, रडत नव्हती. तोंडात फुंकर घातली, पाणी शिंपडलं, मग एकदाची रडली. तिचं रडणं ऐकूनच सगळा खेळ गप झाला होता. हुसेनभाई वाटेत एक मिनिट जरी थांबले असते, किंवा गंगूबाईनं आधी पानाला चुना लावला असता, तर मग मी आज हे सांगत बसले नसते. मामांच्या घाईनं माझी छबू ट्रंकेत घातली आणि मामांच्या घाईनंच बाहेर काढली. आता मी त्या माणसाला काय म्हणू?

दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले बाळ ठीक हाय, पण मला वर कळवावं लागंल. दुसऱ्या दिवशी फौजदार आले, कचेरीतले परवान्याचे साहेब पण आले, आणि कशी काय कुणाला ठाऊक, सासूबाई पण आल्या. थेटरात बाकड्यावर बसवून सगळ्यांना विचारलं. 

"ट्रंक बंद कुणी केली?"

माझ्या तोंडात शब्द आला होता. खरंच आला होता. सासूबाई माझ्यासमोर उभ्या होत्या, छबू त्यांच्या कडेवर.

"मी," मामा म्हणाले. "ही बाई तिथं नव्हती. हिला मी दुसरीकडं पाठवली होती. आत मूल हाय हे मला ठाऊक पाहिजे होतं. मी बघितलं नाय."

साहेब म्हणाले, "मालक असून तुम्ही स्वतः ट्रंका बंद करता?"

"माझ्या थेटरात मी झाडू पण मारतो साहेब. विचारा."

साहेबांनी लिहून घेतलं. मला विचारलं, "बाई, तू कुठं होतीस?" मी मामांकडं बघितलं नाय. खाली बघितलं. "बाहेर होते," म्हणाले. एवढंच बोलले. सासूबाईंनी छबूला माझ्याकडं दिली आणि मामांच्या पायापाशी थुंकल्या. मामांनी पाय मागं घेतला नाय.

परवाना गेला. आधी नाशिकचा, मग ओझरचा. चाळीसेक माणसं होती, कुणी ऑर्केस्ट्रात गेलं, कुणी गावाला. हुसेनभाई वर्षभर माझ्याशी बोलले नाय, कारण त्यांनी ट्रंक चढवली तेव्हा कडीवर माझा हात बघितला होता. पण त्यांनी पण कुणाला सांगितलं नाय. मामांनी सांगू नको म्हणलं असंल. गोदामात परत गुळाच्या भेल्या आल्या. मी शिवणाचं मशीन घेतलं, घरीच बसले. छबूला कुणी नेलं नाय. छबू माझ्याजवळ वाढली, आता पाच वर्षांची हाय, बालवाडीत जाती.

मामांना त्यानंतर मी बघितलं ते गेल्या महिन्यात. नांदगावला आमच्या यांच्या मावसबहिणीचं लग्न होतं. बाजारातून येताना मैदानावर तंबूतल्या सिनेमाची कनात दिसली आणि दारात तिकीट फाडत एक म्हातारा. कोट नव्हता. सदरा होता, मळका. मी छबूचा हात धरून थांबले. आमचे हे आणि सासूबाई पुढं चालत होते. मामांनी मला ओळखलं, मग खाली छबूकडं बघितलं, लय वेळ बघितलं. मागं लोक खोळंबले होते.

"काय नाव गं तुझं?"

"छबू."

"मोठी झाली," म्हणाले, माझ्याकडं बघून. "खाती का नीट?"

"खाती."

"बरं."

तेवढंच. मी पाया पडायला वाकले तर म्हणाले, "वाकू नको, पुढं तुझी माणसं बघतायत." आणि पुढच्या माणसाचं तिकीट फाडलं.

मी निघाले तर कनातीच्या मागून गंगूबाई आली पळत. ती पण तिथंच कामाला, तंबू झाडते. मला बाजूला घेतलं. मामांनी परत परवान्याचा अर्ज केलाय, म्हणाली, इथंच जुन्या गोठ्याच्या जागेवर, साठ माणसांचं का होईना. तीनदा परत आला. प्रत्येक वेळी तेच कारण, या माणसाच्या निष्काळजीपणानं तान्हं मूल मरता मरता वाचलं. 

"त्या दिवशीचं खरं कुणी लिहून दिलं तर होईल गं," गंगूबाई म्हणाली. "मी तिथं नव्हते, माझं कोण धरतंय. हुसेन देतो म्हणाला तर मामांनी त्याला हाकललं. त्यांचं आता काय, किती दिवस. संध्याकाळी पडद्यावर गाणी लागली की मागच्या बांबूला टेकून डोळे मिटून उभे राहतात. दुसऱ्याचा तंबू, आणि पिच्चरचा क्रम काय पुसता येतो का?"

मी म्हणाले, बघते.

मागं वळून बघितलं तर मामा एका म्हातारीला आत सोडत होते, तिचा पदर खिळ्याला अडकू नये म्हणून बांबूवर आपला हात आडवा धरून. 

तेव्हापासनं एक कोरा कागद माझ्या मशीनच्या खणात हाय. चार ओळी लिहायच्यात. ट्रंक मी बंद केली. मामांनी नाय. खाली नाव, सही. सही मला येती. पण तो कागद कचेरीत गेला की आमच्या यांच्या कानावर जाणार, सासूबाईंच्या कानावर जाणार. पाच वर्षं खोटं बोलली, म्हणतील, आणि पोरीला स्वतःच्या हातानं कोंडली, म्हणतील. खरंच हाय ते. मग छबू कुणाकडं राहणार? त्या नेतील. मला ठाऊक हाय, नेतील. आणि नाय लिहिलं तर तो माणूस तिथंच दुसऱ्याची तिकिटं फाडत राहणार, आणि परत कधी भेटला तर परत विचारणार, खाती का नीट.

छबू आत्ता शेजारी बसून चिंध्यांशी खेळती. खण उघडते, कागद बघते, खण लावते. तुम्ही माझ्या जागी असता, तर काय केलं असतं?